आबांशी बोलणारी सयामी मांजर

लूमच्या कारखान्यात आयुष्य काढल्यामुळे आबांचे कान गेले होते. माझी आई वारल्यावर त्यांनी बोलणंही सोडलं. मी शाळेत शिकवून परत येईपर्यंत ते गुजरातेत, उधन्यातल्या आमच्या खोलीत खिडकीशी बसून असत.

माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एक गुजराती बाई मुलाकडे परदेशी निघाल्या, तेव्हा त्यांची सयामी मांजर मी घरी आणली. साईच्या रंगाचं अंग, काजळ फासल्यासारखं तोंड, निळे डोळे.

"बेन, ही गप्प बसणारी जात नाही," त्यांनी बजावलं. "आणि एकटं सोडलंत तर खाणं टाकते."

आणली मी, पण तिनं निवडलं आबांना. त्यांच्यासमोर बसून ती अशी ओरडली, की शेजारीण विचारायला आली, तान्हं मूल कुणाचं रडतंय? आबांनी खाली पाहिलं.

"आलं मला ऐकू," ते म्हणाले.

मग ते तिला उत्तरं देऊ लागले, आमच्या अहिराणीत. गुडघा कसा दुखतो, भाजीत मीठ कसं जास्त पडलं, सगळं तिला सांगत. ते थांबले की ती बोले, ती थांबली की ते. पेपर उघडला की ती त्यावर येऊन बसे. त्यांनी मोरीचं दार लावलं की ती बाहेरून भांडत राही. माझ्याशी मात्र जेवणापुरतं नातं. मला कधी कधी वाईट वाटे.

एकदा आबा लग्नाला धुळ्याला गेले. ती दाराकडे तोंड करून बसली. मासळीला तोंड लावेना. ओरडून ओरडून आवाज बसला, तेव्हा मी धुळ्याला फोन लावून आबांना निरोप दिला आणि फोन तिच्या कानाशी धरला.

"खाई ले, माय," आबा पलीकडून ओरडत होते. "मी येस."

तिनं फोनच्या मागे जाऊन त्यांना शोधलं. आबा हळदीतूनच निघून आले. एका मांजरासाठी लग्न सोडलं म्हणून नातेवाईक बरेच दिवस रुसले होते.

पुढं काही वर्षांनी तिची किडनी बिघडली. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत. मी ते आबांच्या कानात मोठ्यानं सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली. तिचा आवाज इतका बारीक झाला, की त्यांना ऐकू येईना. मग ते तिच्या गळ्यावर बोटं ठेवून बसत. गळा थरथरला की म्हणत, "हा, माय. बोल."

एका दुपारी ती त्यांच्या मांडीवरच गेली. दिंडोलीच्या पुढं एका ओळखीच्या माणसाच्या शेतात आम्ही तिला पुरलं.

परतताना रिक्षात आबा एकदम बोलू लागले. आई आजारी असताना त्यांच्याशी खूप बोलायची. त्यांना नीट ऐकू यायचं नाही, तरी ते मान हलवायचे.

"तिले वाटे, माले समजस," ते म्हणाले. "काय बोले ती?"

मी तेव्हा आईच्या उशाशीच असायचे. ती गावच्या विहिरीबद्दल बोलायची, माझ्या जन्माबद्दल, आबांच्या खोकल्याची काळजी करायची. रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघत होता. मी आबांच्या कानाशी तोंड नेलं आणि आठवेल ते मोठ्यानं सांगत राहिले.