अप्पांच्या मयतीत वाजलेली हलगी

मित्रांनो, आज सकाळी आमचे सखाराम अप्पा गेले. आमच्या बँडच्या गाण्यांत गिटारीमागं जी हलगी कडाडते, ती त्यांचीच. आमाला ताल त्यांनीच दिला.

आमच्या डोंगरकडा गावात मयतीपुढं हलगी लागतेच. पण आता वाजवणारं कोणी उरलं न्हाई. तुमच्या गावात हाय का कोणी? अप्पांची हलगी मी जाळावर चांगली शेकली, चामडं ताणलं, तरी माझ्या हातानं ती बोलेना.

त्यांची लेक रुक्माताई म्हणाली, "काहून तकलीफ घेतो भाऊ? तुमचं गाणं लाव. त्यात अप्पा हायेत."

पुढं स्पीकर, मागं अप्पा. गाणं संपलं तसे खांदेकरी जागीच थांबले.

"पुन्हा लाव," ताई म्हणाली. "मसनवाटा अजून लांब हाय."