परत आलेल्यांची फळी

आमच्या आत्याची मोटार तिच्यापेक्षा वयाने धाकटी, पण थकली तिच्याआधी. लांब नाकाची, रुंद पाठीची, सायीच्या रंगाची ती गाडी आत्याने नर्सची नोकरी लागल्यावर जुनीच घेतली होती. पुढे दवाखान्याच्या वाटेवर तिच्या मागच्या सीटवर इतकी माणसं जन्मली, की कुणी गाडीकडे बोट दाखवून "हे माझं जन्मगाव" म्हटलं तर कुणी हसत नसे.

आत्या निवृत्त झाली, गाडी नाही झाली. आयुष्यभर पेशंट उचलून आत्याचा उजवा खांदा मात्र कुरकुरायला लागला होता. तरी पॉवर स्टिअरिंग होतं तोवर दोन बोटांत काम व्हायचं. मग स्टिअरिंगचा गिअरबॉक्स गळू लागला. आधी जमिनीवर तेलाचे थेंब दिसायचे, मग थारोळं. हातातलं चाक जात्यासारखं जड झालं, आणि वळवल्यावर गाडी आधी विचार करायची, मग वळायची.

माझे वडील आत्याचे धाकटे भाऊ. ते म्हणाले, "ताई, आता पुरे. किल्ली माझ्याकडे दे. जायचं तिथे मी नेईन."

"तू? तू गाडी चालवत नाहीस रे, तिची माफी मागत मागत जातोस."

"बरं. मग फाटकातून एका दमात आत वळवून दाखव. नाही जमलं तर किल्ली माझी."

आमचं फाटक अरुंद, आणि रस्ता त्याच्या अगदी अंगावर आलेला. तिथे गाडी एका वळणात आत घालणं ही आत्याची शान होती. अलीकडे मात्र ती मागे-पुढे करत, दात आवळून आत यायची, आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघायचो.

"गिअरबॉक्स बदलते, मग दाखवते," आत्या म्हणाली.

पण त्या गाडीचा नवा गिअरबॉक्स आता बनत नव्हता. जुना उघडून, झिजलेलं बदलून, पुन्हा बांधलेला शोधायचा होता. आत्याने मला बरोबर घेतलं.

पहिल्या दुकानात गिअरबॉक्स काउंटरवरच मांडलेला. काळा रंग असा चमकत होता, की आत्याने त्यात पाहून केस सारखे केले. मग विचारलं, "तुम्ही बांधलेलं कधी परत येतं का हो?"

"छे, मावशी. आजवर एकही नाही."

आत्या बाहेर पडली. मी म्हटलं, "चांगला दिसत होता की."

"माझ्या हातून कधीच काही बिघडलं नाही असं जी नर्स सांगते ना, तिच्या हातात मी बाळ देत नाही. एक तर तिने काम केलेलं नसतं, नाहीतर नंतर वळून बघितलेलं नसतं."

असं करत आम्ही पोचलो उद्या मिस्त्रींकडे. खरं नाव असेलच काहीतरी, पण "कधी होईल" असं विचारलं की ते "उद्या" म्हणत, म्हणून तेच नाव पडलं. पत्र्याची शेड, खाली तेलाने काळी झालेली पण झाडलेली जमीन, आणि मधोमध टेबलावर स्वच्छ फडक्यावर मांडलेल्या बारीक पोलादी गोळ्या. आत्याने तोच प्रश्न विचारला.

मिस्त्रींनी हात पुसले आणि तिला मागच्या भिंतीशी नेलं. तिथे एक फळी होती, आणि फळीवर जुने गिअरबॉक्स ओळीने बसलेले.

"हे परत आलेले. ह्याचं सील मी हलकं घातलं. ह्याला मी घाई केली. आणि हा गिऱ्हाइकाच्या हातगुणाचा. घरी बसून वरचा स्क्रू आवळला होता."

"मग इथे मांडून कशाला ठेवलेत?"

"डोळ्यांसमोर असले की हात सावध राहतो."

आत्याने तिथलंच एक स्टूल ओढलं आणि बसली. "माझा कधी होईल?"

"उद्या," मिस्त्री म्हणाले.

तो उद्या बऱ्याच दिवसांनी उजाडला. गाडी तिथेच ठेवलेली, आत्या अधूनमधून जाऊन बसायची. काम दिसायचं, पण पुढे सरकलेलं दिसायचं नाही. भाकरीचा तवा तापेपर्यंत धरतो तसा धीर धरावा लागतो, असं तीच मला सांगायची. शेवटी एका संध्याकाळी मिस्त्रींनी गाडी स्वतः आणून फाटकाबाहेर लावली. जाताना म्हणाले, "चाकात थोडी ढिलाई जाणवेल. ती गिअरबॉक्सची नाही, पुढच्या जुन्या सांध्यांची. तिचा राग माझ्या स्क्रूवर काढू नका."

"सांधे जुने झाले की एवढं चालायचंच," आत्या म्हणाली. शेजारी उभे राहून वडील मान डोलावत होते.

सकाळी सगळं घर ओट्यावर आलं. आत्याने गाडी सुरू केली आणि फाटकाशी चाक फिरवलं. चाक वळलं, गाडीही वळली, पण सरळ व्हायची वेळ आली तरी चाक परत फिरेना. आत्याचा खांदा वर आला. गाडी सुस्तपणे जास्वंदीच्या कुंपणात शिरली आणि थांबली.

पैज वडिलांनी जिंकली होती. किल्ली मागायला त्यांनी फक्त हात पुढे करायचा होता. ते उतरून गाडीपाशी गेले, खिडकीत वाकले.

"ताई, तो स्क्रू मी आवळला. काल संध्याकाळी. चाक ढिलं लागलं, म्हटलं, तुला रस्त्यात काही झालं तर."

"माहीत आहे. तुझ्या नखांत ग्रीस आहे." आत्याने कानामागचं जास्वंदीचं पान काढलं. "बस गाडीत. आता मिस्त्रींना तूच सांगायचंस."

वाटेत प्रत्येक वळणानंतर आत्याला चाक ओढून सरळ करावं लागलं, आणि दर वेळी वडील आपणच ओढत असल्यासारखे कण्हत होते. शेडमध्ये त्यांनी सगळं सांगितलं, शाळेतल्या पोरासारखं, एका सुरात. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. चाक मधोमध आणलं, खालचा दांडा सोडवला, स्क्रू उलटा घेतला आणि बोटांनी चाचपत पुन्हा जागेवर बसवला. त्या दिवशी त्यांनी "उद्या" म्हटलं नाही.

"मग हा परत आलेला धरायचा का?" वडिलांनी भीत भीत विचारलं.

"धरायचाच. पण गिअरबॉक्स गाडीत आहे, फळीवर काय ठेवू?" मिस्त्रींनी हात पुढे केला. "पाना द्या."

वडिलांनी खिशातला पाना काढून दिला. मिस्त्रींनी तो गिअरबॉक्सच्या ओळीत, शेवटी ठेवला.

परतताना फाटकाशी आत्याने वेग कमी केला. दोन बोटांनी चाक वळवलं, मग बोटं सैल सोडली, आणि चाक तिच्या तळहाताखालून आपोआप, पाण्यासारखं सरळ झालं. तुटकी जास्वंद बाजूला राहिली. गाडी आत आली.

वडिलांनी खिडकीची काच वर केली. मग म्हणाले, "ताई, सोमवारी मला डोळे तपासायला जायचंय. नेशील?"

"नेईन," आत्या म्हणाली. "मागे बस मात्र. पुढे बसलास की पाय दाबून ब्रेक मारतोस."