बाल्दिरींनी राखलेलं रान

बाल्दिरी प्लानेल्स यांनी उभा जन्म एकाच नादात घालवला. स्पेनमधल्या कातालान भाषेतल्या कथा-कवितांमधली टेकडी, झरा, पायवाट खरोखर कुठे आहे ते हुडकायचं आणि वाचकांना तिथे नेऊन उभं करायचं. विद्यापीठातून निवृत्त झाले तरी डोंगर सुटले नाहीत. जन्मगावामागचं बुचाच्या झाडांचं दाट रान तर त्यांचा जीव की प्राण. एका जुन्या कादंबरीतली नायिका याच रानात हरवते, हे त्यांनीच शोधून काढलं होतं.

म्हणून वणवा अडवण्यासाठी रानातून रुंद पट्टा साफ करायचं गावाने ठरवलं, तेव्हा ते खवळले. लेख लिहिले, सभा गाजवल्या. पट्ट्याचं काम बारगळलं.

पुढच्याच उन्हाळ्यात उत्तरेचा वारा पिसाळलेला असताना डोंगरापलीकडे आग लागली आणि दिवस मावळायच्या आत रानाचा कोळसा झाला.

धूर निवल्यावर ते रेमेईकडे गेले. रेमेई त्यांची शाळेतली वर्गमैत्रीण. बूच, म्हणजे बाटल्यांची झाकणं होतात ती जाड साल, सोलून तिचं घर पिढ्यान्‌पिढ्या जगलं होतं. साल अंगावर असली तर हे झाड आगीतूनही पुन्हा फुटतं. तिची झाडं नुकतीच सोललेली होती. ती अंगणात मेलेल्या कोंबड्या गोळा करत होती.

"रेमेई, माझ्यामुळे हे..."

"आलास? ही टोपली धर." कोंबडी आत टाकत ती म्हणाली, "तुझ्या पुस्तकातलं रान शाबूत आहे ना रे? बरं झालं. आता तिथेच जाऊन बूच सोलते."

बाल्दिरींना मान वर करवेना. "मला वाटलं, मी रान वाचवतोय."

"या दारावरून किती माणसं नेलीस! एकदा आत येऊन विचारायचंस तरी, रेमेई, तुला काय वाटतं?"

टोपली भरेपर्यंत ते ती धरून उभे राहिले.

हिवाळ्यात पट्ट्याचा विषय पुन्हा निघाला. बाल्दिरी पाठिंबा द्यायला उठले, पण विरोध कुणाचाच नव्हता. दोन वाक्यं बोलून ते खाली बसले. डोंगरात न्या म्हणून वाचक अजून फोन करतात. बाल्दिरी गुडघ्यांचं कारण सांगतात.

पावाच्या दुकानात रेमेई दिसली की रांग सोडून बाहेर पडतात. ती मागून ओरडते, "अरे प्रोफेसर, पाव तरी घेऊन जा!"

ते वळत नाहीत. पाव बायको आणते.