सुहानाच्या प्रोजेक्टला शून्य

शैलजा राजगुरू नाशिकहून कतारमधल्या दोह्याला आल्या त्याला चौदा वर्षं झाली. नवरा संजीव गॅस प्लँटवर, आणि त्या अल गराफा भागातल्या एका भारतीय शाळेत फिजिक्स शिकवतात. कडक म्हणून प्रसिद्ध. कॉपी आपल्याला वासावरून कळते, असं त्या अभिमानाने सांगायच्या.

दोन वर्षांपूर्वी दहावीतल्या सुहानाने जोसलिन बेल बर्नेल या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंवर प्रोजेक्ट दिला. मुलींना सायन्स न शिकवणाऱ्या शाळेशी भांडलेले त्यांचे आईवडील, केंब्रिजला रेडिओ-दुर्बिणीच्या नोंदींच्या शेकडो फूट कागदी पट्ट्या तपासताना त्यांना दिसलेली बारीकशी खूण, तिच्यावर आधी विश्वास न ठेवणारे मार्गदर्शक. खूण नव्याच प्रकारच्या ताऱ्याची निघाली; नोबेल मार्गदर्शकांना मिळालं, बाईंना नाही.

"इतकं सुंदर इंग्लिश तुझं नाही. कुठून उतरवलंस?" शैलजाताईंनी भर वर्गात विचारलं.

"आय रोट इट मायसेल्फ, मॅम."

"खोटं बोलू नकोस."

शून्य मार्क. अकरावीला सुहानाने कॉमर्स घेतलं.

या हिवाळ्यात शैलजाताई सूक वाकिफच्या जुन्या बाजारात मसाले घ्यायला गेल्या. दुकानातले इकबालभाई रत्नागिरीचे, सुहानाचे वडील. ओळख पटताच ते खुलले.

"तुमच्यामुळे आम्हाला त्या बाई कळल्या, मॅडम! चार शुक्रवार सुट्टीत पोर या पोत्यावर बसून लिहीत होती. आधी मला मराठीत समजावायची, मग लिहायची. मार्क विचारले तर म्हणाली, बरे पडले."

त्यांनी पुडीत मूठभर वेलची जास्त घातली. शैलजाताईंना नको म्हणवेना, घेववेना.

"जुनी गोष्ट आहे, सोड आता," घरी सगळं ऐकून संजीव म्हणाला. त्यांना सोडता आली नाही. रविवारी शाळेचा आठवडा सुरू होताच त्या सुहानाच्या बारावीच्या वर्गात गेल्या.

"ते सुहानाचंच लिखाण होतं. शहानिशा न करता मी तिला चोर ठरवलं. सुहाना, मला माफ कर."

"इट्स ओके, मॅम."

शाळेत एरवी इंग्लिशच बोलणारी सुहाना बाहेर व्हरांड्यात मात्र मराठीत म्हणाली, "मॅम, मी तेव्हा सगळं परत वाचून काढलं होतं. वाटलं, माझ्याकडूनच कुठे उतरवलं गेलं असेल. तुम्ही चुकाल असं मनातच आलं नाही."

"अजून सायन्सकडे वळायचं असेल, तर मी—"

"नको, मॅम. आता नाही."

मॅडमचं मन किती मोठं, असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात. तो विषय निघाला की शैलजाताई उठून जातात.