आप्पांनी कबूल केलेली चोरी

"कॅमेरा फिरव. शेजारी कोण उत्तर सांगतंय ते दाखव."

लॅपटॉपवरून पुण्याच्या कंपनीतला परीक्षक बोलत होता. पाच मिनिटांपूर्वी मी 'तुम्ही' होते. गाव गुंद, जंगलातलं, हे त्यानं ऐकलं, माझं बरोबर उत्तर बघितलं, आणि मी 'तू' झाले.

घरी रेंज नाही. म्हणून गावाबाहेर चढावर, रस्त्याच्या मोरीवर बसून मी नोकरीची परीक्षा देत होते. गवा येतो म्हणून आप्पा, माझे वडील, कोयता घेऊन पलीकडे राखणीला उभे.

प्रश्न डेटाबेसचा. गुणांच्या यादीला क्रमांक लावायचे. सारखे गुण, तर क्रमांक एकच; आणि पुढचा आकडा गाळायचा नाही. माझ्या क्वेरीनं, म्हणजे लिहिलेल्या आज्ञेनं, दोन पहिल्यांनंतर एकदम तिसरा दिला. चूक दिसली. एक शब्द बदलला, जमलं. आनंदानं आप्पांकडे बघून हसले. तेच परीक्षकाला खटकलं.

मी कॅमेरा फिरवला. तो खदखदून हसला.

"हा सांगतोय? काय हो, पोरगी चोरी करत होती ना?"

आप्पांनी कोयता खाली टाकला. हात जोडले.

"व्हय साहेब. चुकलं. पोर हाय, एकडाव सोडा."

आप्पांना क्वेरी काय ठाऊक! पण वाळली काटकी आणतानाही जंगलाच्या गार्डापुढं त्यांनी उभा जन्म हेच केलं. आधी चुकलं म्हणायचं, म्हणजे काढून घेतलेला कोयता तरी परत मिळतो. आमच्याकडे पोरं बोलायला शिकतात तेव्हाच हेही शिकतात.

"झालं तर. बापानंच कबूल केलं."

"ते भीतीनं बोलले. उत्तर माझं आहे. दुसरा प्रश्न द्या. आत्ता, त्यांच्यासमोर."

"वेळ संपली."

पडदा काळा झाला. आप्पा जवळ आले.

"चुकलं म्हटलं न्हवं मी? तरी सोडलं न्हाई व्हय?"

मी ढसाढसा रडले. त्यांचा राग आला. मग त्या रागाचीच लाज वाटली.

"आप्पा, न केलेली चूक पुन्यांदा कबूल करायची न्हाई."

"आनि मारलं तर?"

"तरी न्हाई."

त्यांनी खाली पडलेला कोयता उचलला. त्याच दिवशी मी कंपनीला लिहिलं, ती कबुली खोटी होती. अजून उत्तर नाही. पुन्हा लिहीन. आमच्या घरातून ह्यापुढे कुठल्याच साहेबाला खोटी कबुली मिळणार नाही.