गहिनीनाथच्या रक्तातली बायको

त्र्याहत्तर साली काष्टीच्या बाजारात एक बातमी बैलांपेक्षा जोरात खपत होती. गहिनीनाथ म्हणे बायकोला इतका भितो, की नगरच्या दवाखान्यात एलियानं त्याचं रक्त काढलं तर नळीत साळूबाईची भीती उतरली! कोणी सांगे नळी हिरवी झाली, कोणी सांगे तडकली.

हा एलिया मूळचा राहात्याचा. नगरच्या त्याच मिशन दवाखान्याच्या मागल्या खोलीत रक्त-लघवी तपासण्यात त्याची एकवीस वर्षं गेली होती. हात असा हलका, की सुई बाहेर आल्यावर माणूस विचारायचा, "कधी टोचणार?" जीभ मात्र तितकी हलकी नव्हती. कोणाच्या घरात काय शिजतंय हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याची बायको रेबेका म्हणायची, "सुई राहू द्या बाजूला, तुमच्या चौकशांनीच माणसं पांढरी पडतात."

गहिनीनाथ म्हणजे उधळलेला बैल शिंगाला धरून थांबवणारा गडी. पण आठवड्यातून एखाद-दोनदा त्याच्या छातीत इंजिन सुरू व्हायचं, डोकं फुटायला यायचं, घाम तर असा की सदरा पिळून घ्यावा. कधी वाकला की, कधी पोतं उचललं की. अशा वेळी समोर बहुधा साळूबाईच असे. आता कामाला जोडीला दुसरी कोण असणार? पण त्याची आई आक्काबाई हिनं मनाशी पक्कं केलं, की सून दिसली की पोराचं काळीज उडतं. तिला नागपंचमीला माहेरी, कर्जतला धाडायची आणि परत आणायचीच नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना वेगळीच शंका होती. माणूस घाबरला की शरीर रक्तात एक रस सोडतं. ह्याच्या अंगात एखादी गाठ तो घाबरल्यावाचूनच सोडत असेल तर? पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तो मोजून मिळत होता. एलियानं आक्काबाईला समजावलं, "मावशी, गुऱ्हाळातला रस घटकेत संपतो, पण दारातली चिपाडं सांगतात किती ऊस पिळला ते. रक्तात तसंच असतं. रस मोजायचा, अन् तो मोडून मागं राहिलेली चिपाडंही मोजायची."

"मोज की बाबा. पर सुनंला भायेर ठिव."

अट एकच होती: रक्त काढण्याआधी माणसानं अर्धा तास निवांत पडायचं. पहिल्या खेपेला तेच जमलं नाही. दवाखान्यातल्या माणसाला भेटायला जायचं ही गावची रीत, तेव्हा टेम्पोभर माणसं आली. प्रत्येकानं कपाळाला हात लावला आणि आपल्याकडं ह्याच दुखण्यानं कोण गेलं ते सांगितलं. शेजारची छबूबाई तर गळा काढूनच बसली. एलियानं त्यांना हाकलायला हवं होतं. पण गप्पा अशा रंगल्या होत्या, की तोच स्टूल ओढून ऐकत बसला आणि त्या गलक्यातच रक्त काढलं.

पुण्याहून आकडे आले ते आभाळाला टेकलेले. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "एलिया, हे आजाराचे आकडे की टेम्पोचे? एवढ्यावर पुण्याचे सर्जन सुरी धरणार नाहीत."

दुसऱ्या खेपेला एलियानं दाराला कडी घातली. सुई आधीच शिरेत बसवून पट्टीनं चिकटवली, म्हणजे पुन्हा टोचायला नको. तरी गहिनीनाथची नाडी धावतच होती आणि डोळे दाराकडं.

"काय पाहिजे?"

"साळू कुठं हाय? शेरडी व्यायला झाली हुती."

एलियानं कडी काढली. आक्काबाई दारातच आडवी झाली. "ती आत गेली तर माझं पोरगं जाईल!"

"मावशी, तुम्हीपण या. इथं मनगटावर बोट ठेवा आन् तोंडातून अक्षर काढू नका."

साळूबाई उशाशी बसली. "अवं, पाय लांब करा आधी. शेरडी व्याली. दोन करडं. एक हुबेहूब तुमच्यावानी हाय, नुस्तं पडून ऱ्हातंय."

गहिनीनाथ हसला. आक्काबाईच्या बोटाखाली नाडी थोडी थोडी मंदावली, आणि दहा मिनिटांत गडी घोरायला लागला. आक्काबाई सुनेकडं बघतच राहिली. एलियाच्या जिभेवर सासू-सुनेबद्दलचे सतरा प्रश्न वळवळत होते. जन्मात पहिल्यांदा तो अर्धा तास गप्प बसला. मग रक्त काढलं, नळी बर्फात घातली, यंत्रात फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं केलं आणि बर्फाचा थर्मास मांडीवर घेऊन स्वतः रेल्वेनं पुण्याला गेला.

आठ दिवसांनी आकडे आले. घोरणाऱ्या माणसाच्या रक्तातही रस कैक पटींनी जास्त होता, आणि चिपाडांचा तर ढीग. सर्जन तयार झाले.

साळूबाई नागपंचमीला माहेरी गेली आणि तिसऱ्या दिवशी आक्काबाई स्वतः जाऊन तिला घेऊन आली.

गहिनीनाथच्या डाव्या मूत्रपिंडावर लिंबाएवढी गाठ होती. ती काढली.