ऑड्रीची शेवटची निवड

ऑड्री क्लासननं सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. उणे चाळीस अंशांच्या थंडीतही तिची बस चुकली नाही, असं कॅनडातल्या सस्कॅचेवानमधल्या त्या लहानशा गावात कुणीही सांगेल. बर्फावरच्या हॉकीच्या पूलमध्ये, म्हणजे खेळाडू निवडून लावायच्या पैजेत, मात्र ती एकदाही जिंकली नव्हती.

प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या निर्णायक सामन्यांच्या, आधीच्या रविवारी आठ जण रिंकच्या कँटीनमध्ये जमत आणि आळीपाळीनं दहा-दहा खेळाडू निवडत. त्या सामन्यांत ज्याच्या खेळाडूंचे गोल सर्वांत जास्त, त्याचं नाव भिंतीवरच्या जुन्या स्टिकवर कोरलं जाई. येत्या उन्हाळ्यात ऑड्री लेकीकडे व्हँकूव्हरला कायमची राहायला जाणार होती. त्याआधी एकदा तिला त्या स्टिकवर आपलं नाव हवं होतं.

पण अगदी शेवटची निवड ज्याची, त्यानं कोल्टनला घ्यायचं, असा गावाचा रिवाज. मोठ्या संघात पोचलेला गावातला तो एकटाच. खेळायचा जीव तोडून, गोल मात्र वर्षाकाठी तीन. त्याला घेणारा हरायचाच. पण त्या आठांतलीच एक, त्याची आई मार्लीस, समोरच बसलेली असायची.

यंदा शेवटची चिठ्ठी ऑड्रीची निघाली. दहावी फेरी आली. ती तोंड उघडायच्या आधीच यादी लिहिणारा वॉल्ट तिच्या रकान्यात कोल्टनचं नाव लिहायला लागला.

बारा वर्षं तिनं कोल्टनची शाळेत ने-आण केली होती. एकदा स्केट विसरला म्हणून भरलेली बस मागे वळवली होती. पण गोलांचा धडाका लावणारा रूडलँड अजून शिल्लक होता. गुडघा दुखावला म्हणून सगळ्यांनी त्याच्यावर फुली मारली होती. सकाळी तो सरावाला उतरल्याची बातमी रेडिओवर लागली, तेव्हा बाकीचे चर्चमध्ये होते.

"खोड ते, वॉल्ट," ती म्हणाली. "रूडलँड."

ऑड्रीला मार्लीसकडे बघवेना.

"लंगड्याला घेतेस?" वॉल्ट म्हणाला.

"लंगडा कसला! सकाळी बर्फावर होता."

"आणि आत्ता सांगतेस? बया, फारच आतल्या गाठीची आहेस!"

मार्लीसनं कॉफीची किटली उचलली आणि ऑड्रीचा कप काठोकाठ भरला.

"बरं केलंस बाई. दर वर्षी फोनवर पहिला प्रश्न तोच असतो त्याचा. 'आई, यंदा माझ्यापायी कोण बुडालं?'"

"मग आज काय सांगशील?"

"सांगेन, सुटलास. आणि मी काय त्याला कधी घेतलं होतं?"

वॉल्टनं कोल्टनच्या नावावर आडवी रेघ मारली आणि शेजारी नीट अक्षरात रूडलँड लिहिलं.